सात रात्री आणि हरवलेले एको: अरोराच्या रडार-निरीक्षणात आयनांबर आडवं येतं तेव्हा

हे प्रकरण उत्तर फेनोस्कँडियातलं, म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तर टोकाकडचं आहे. रडार कुठलं, संस्था कुठली, वर्ष कुठलं हे मुद्दाम लिहीत नाही. एका शोधविद्यार्थिनीच्या कामाची मी सहमार्गदर्शक होते, आणि जे चुकलं त्यात माझाही वाटा होता.

पार्श्वभूमी

अरोरा डोळ्यांना दिसतो तो साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर. वरून येणारे इलेक्ट्रॉन हवेच्या अणूंवर आदळतात, ऑक्सिजनचा ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो आणि त्याच वेळी तिथल्या हवेचं आयनीभवन होतं. वातावरणाच्या अशा आयनीभूत भागाला आयनांबर म्हणतात, आणि तिथल्या आयन व सुट्या इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाला प्लाझ्मा. रडारला तो प्रकाश दिसत नाही. त्या उंचीवर प्लाझ्माच्या घनतेत ज्या सुरकुत्या पडतात, त्यांवरून रडारची लहर परत येते. परत आलेली लहर म्हणजे एको. या सुरकुत्या पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून लांबट पडलेल्या असतात, उभ्या टांगलेल्या पडद्याच्या चुण्यांसारख्या. एको मिळायला दोन अटी लागतात. सुरकुत्यांमधलं अंतर रडारच्या तरंगलांबीच्या निम्मं हवं, म्हणजे १० मेगाहर्ट्झच्या रडारला १५ मीटर. आणि रडारचा किरण बलरेषेला जवळजवळ काटकोनात भिडायला हवा. काटकोन एक-दोन अंशांनी जरी चुकला तरी एको झपाट्यानं क्षीण होतो.

ही दुसरी अट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. विद्यार्थिनीनं एमएस्सीच्या वेळी विषुववृत्तीय विद्युतझोताबद्दल, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाबद्दल वाचलं होतं. केरळमधल्या थुंब्याच्या रडारनं ज्या सुरकुत्या पाहिल्या, त्या याच जातीच्या. पण थुंब्याला बलरेषा जमिनीला जवळजवळ समांतर असतात. तिथे रडार वर आकाशाकडे रोखलं की काटकोन आपोआप साधतो. उत्तरेकडे बलरेषा ७७-७८ अंशांनी जमिनीत घुसतात. तिथे काटकोन हवा तर किरण त्या जागी क्षितिजापासून जेमतेम १२-१३ अंश वर जात असला पाहिजे. असा सपाट किरण शेकडो किलोमीटर आयनांबराला घासत जातो. वाटेत तो वाकतो, शोषला जातो, कधी अर्ध्यातून परत फिरतो. उत्तरेकडच्या रडारचं दुखणं इथूनच सुरू होतं.

आमचं रडार एचएफचं (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं), सुपरडार्न या आंतरराष्ट्रीय जाळ्यात असतात तशा घडणीचं. १६ शलाका (रडार ज्या दिशांना रोखतात त्या), प्रत्येकीत ३.२४ अंशांचं अंतर, आणि अंतराची ४५-४५ किलोमीटरची ७५ घरं. मुख्य अँटेनांच्या रांगेपासून १०० मीटरवर अँटेनांची एक छोटी रांग असते. दोन्ही रांगांवर आलेल्या संकेताच्या कलेतल्या (फेजमधल्या) फरकावरून एको क्षितिजापासून किती वर, म्हणजे किती उन्नत कोनातून आला ते काढता येतं. रडारपासून उत्तरेला सुमारे ८८० किलोमीटरवर संपूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा होता, शेजारी रायोमीटर (आकाशातून येणारा रेडिओ-नॉइज आयनांबरात किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) आणि चुंबकमापक. त्याहून दक्षिणेला आणखी दोन-तीन रायोमीटर आणि एक आयनोसोंड, म्हणजे सरळ वर रेडिओ लहरी सोडून आयनांबराची घनता मोजणारं यंत्र.

प्रश्न

विद्यार्थिनीनं एका हिवाळ्यातल्या सात स्वच्छ रात्री निवडल्या. प्रत्येक रात्री शांत चाप (अरोराचा कमानीसारखा लांब पट्टा), मग त्याची अचानक उजळणी आणि फुटणी, असा क्रम कॅमेऱ्यात दिसत होता. कॅमेऱ्याचे नकाशे आणि रडारचे नकाशे एकावर एक ठेवल्यावर तिला दोन गोष्टी सातत्यानं दिसल्या.

पहिली: एकोंची पट्टी अरोराच्या चापावर नसून त्याच्या दक्षिणेला, सुमारे १०० किलोमीटरवर होती. दुसरी: चाप उजळून फुटला की पाच-सात मिनिटांत एको नाहीसे व्हायचे. डोक्यावर आकाश हिरव्या-जांभळ्या प्रकाशानं पेटलेलं आणि रडारचा पडदा कोरा.

तिचा निष्कर्ष असा: सुरकुत्या चापाच्या विषुववृत्ताकडच्या बाजूलाच तयार होतात, आणि फुटणीच्या वेळी चापातली वाहकता इतकी वाढते की विद्युतक्षेत्र दबतं व सुरकुत्या विझतात.

या निष्कर्षात भौतिकदृष्ट्या वेडंवाकडं काहीच नाही. चापाच्या आत वाहकता जास्त आणि विद्युतक्षेत्र कमी, तर चापाच्या कडेला क्षेत्र जोरकस, हे खरंच आढळतं. सुरकुत्या पाडणारी फार्ली-बुनेमन अस्थिरता जागी व्हायला इलेक्ट्रॉनांचा वेग आयनांमधल्या ध्वनिवेगाच्या, म्हणजे सुमारे ३५०-४०० मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे जावा लागतो. त्यासाठी मीटरला १५ ते २० मिलिव्होल्टचं क्षेत्र लागतं. चापात ते नसेल तर एको नसणार. म्हणून मीही मान डोलावली. परिषदेला सारांश गेला, तो स्वीकारलाही गेला.

परिषदेला सहा आठवडे उरले असताना, एकोवरून मोजलेल्या सुरकुत्यांच्या वेगांचा आलेख काढायचा म्हणून ती बसली आणि रात्री साडेअकराला मला फोन आला. "ताई, सातही रात्री वेग ३५० ते ४२० च्या मध्येच का अडकलाय? वर का जात नाही?"

वेगाचा धागा

आम्ही धरून चाललो होतो की हे एको एफ थरातून, म्हणजे २५०-३०० किलोमीटर उंचीवरून येतात. कारण साधं: तिरकस अंतर, म्हणजे रडारपासून एकोपर्यंतचं अंतर, ९०० किलोमीटर होतं, आणि नकाशा काढणाऱ्या प्रणालीत ८०० किलोमीटरच्या पुढचा एको एफ थरातला समजायचा असा नेम घातलेला होता. एफ थरात सुरकुत्या प्लाझ्माबरोबर वाहतात, त्यामुळे त्यांचा वेग म्हणजे प्लाझ्माचा वेग. फुटणीच्या आधी तो कधी २०० असेल, कधी ९०० असेल. सातही रात्री ४०० च्या आसपास थबकणारा वेग तिथे शोभत नाही.

ई थरात, ११० किलोमीटरवर, मात्र असं घडतं. तिथल्या सुरकुत्यांचा वेग ध्वनिवेगाला पोचला की तिथेच अडतो, प्लाझ्मा कितीही जोरात वाहत असला तरी. हा धडा याच भूभागात पूर्वी गिरवला गेला आहे. १९७७ पासून नॉर्वेतल्या माल्विक आणि फिनलंडमधल्या हांकासाल्मी इथून स्टेअर नावाची रडारजोडी १४० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करत होती. सुरुवातीला तिचे वेग म्हणजे प्लाझ्माच्या वेगाचाच घटक, असं धरलं जायचं. ट्रॉम्सोच्या आइसकॅट रडारशी ताडून पाहिल्यावर १९८० च्या दशकात स्पष्ट झालं की जोरदार प्रवाहात हे वेग ध्वनिवेगाशी अडून राहतात.

तेव्हा विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका होता. आमचे एको एफ थरातले नसावेत. पण मग रांगांच्या कलाफरकातून निघालेला उन्नत कोन २० अंशांच्या वर का येत होता? २० अंशांचा किरण ९०० किलोमीटर जाऊन ई थरात सापडूच शकत नाही, तो केव्हाच वर निघून गेलेला असतो.

अर्ध्या पानाचं गणित

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिरकस अंतर ९०० किलोमीटर. सरळ रेषेत जाणारा किरण धरला तर:

एको ११० किलोमीटर उंचीवर असेल, तर तो रडारपासून जमिनीवर ८८६ किलोमीटर दूर आणि उन्नत कोन ३ अंश. प्रणाली मानते तशी ४०० किलोमीटरची आभासी उंची (किरण न वाकता सरळ गेला असं मानून येणारी उंची) धरली, तर जमिनीवरचं अंतर ७८२ किलोमीटर आणि कोन २३ अंश.

दोहोंमधला फरक १०४ किलोमीटर. चाप आणि एको यांच्यात जी फट आम्ही निसर्गाची म्हणून सांगत होतो, ती नेमकी एवढीच होती. विद्यार्थिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एको चापावरच होते?"

अजून सिद्ध झालं नव्हतं, पण दुसरी कसोटी हाताशी होती. २३ अंशांनी निघालेला किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या जागी पोचेतो ३० अंशांवर चढलेला असतो. बलरेषेला काटकोन हवा तर तो १२ अंशांवर यायला पाहिजे, म्हणजे आयनांबरानं त्याला १८ अंश खाली वाकवलं पाहिजे. किरण किती वाकेल ते अपवर्तनांकावर, आणि अपवर्तनांक इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरतो. १० मेगाहर्ट्झच्या लहरीला इतकं वाकवायला अपवर्तनांक ०.९० लागतो, म्हणजे एफ थराची क्रांतिक वारंवारता (सरळ वर सोडलेली लहर तो थर परतवू शकतो ती कमाल वारंवारता) किमान ४.४ मेगाहर्ट्झ हवी. आयनोसोंडची त्या सात रात्रींची पानं उघडली. हिवाळ्यातल्या रात्री आकडे २.३ ते २.९ च्या दरम्यान. त्या एफ थरात १० मेगाहर्ट्झचा किरण तेवढा वाकणं शक्यच नव्हतं.

उलट ३ अंशांनी निघालेला किरण गोलाईमुळे ई थरात पोचेतो ११ अंशांवर आलेला असतो. काटकोनाच्या अगदी जवळ, न वाकता. एको ई थरातलेच होते. चूक रडारच्या कोनमापनात होती.

समोरचे पर्याय

इथे खरा निर्णय करायचा होता. परिषदेला पाच आठवडे होते आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच निष्कर्षावर बेतलेलं होतं.

एक सूचना अशी आली की सारांश आहे तसाच मांडावा आणि जागेच्या अनिश्चिततेबद्दल एक ओळ घालावी. सूचना करणारे अनुभवी होते आणि त्यांचा हेतू विद्यार्थिनीचा वेळ वाचवण्याचा होता. मला ते पटलं नाही. शंभर किलोमीटरची फट हाच निष्कर्ष असेल, तर त्या फटीबद्दलची शंका तळटीपेत ढकलता येत नाही.

दुसरा पर्याय: सारांश मागे घ्यायचा, सात रात्री बाजूला ठेवायच्या आणि शांत रात्रींवर नवं काम सुरू करायचं. सुरक्षित, पण त्यातून काहीच शिकायला मिळालं नसतं.

तिसरा: इनकोहेरंट स्कॅटर रडारवर वेळ मागायचा. ते रडार सुरकुत्यांवर विसंबून नसतं, थेट इलेक्ट्रॉनांची घनता उंचीनुसार देतं. शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत चांगला मार्ग हाच. पण वेळ मिळणार पुढच्या हिवाळ्यात, आणि गेलेल्या सात रात्री त्यानं परत येणार नव्हत्या.

चौथा: आहे त्या नोंदींमधूनच प्रत्येक रात्रीची लहरीची वाट शोधायची. कोनमापन दुरुस्त करायचं, शोषण तपासायचं, किरण संगणकावर काढायचे, आणि त्यातून उरेल तेवढंच सांगायचं. विद्यार्थिनीनं हाच निवडला. सारांशाचं शीर्षक बदलायची परवानगी आयोजकांकडे मागितली, ती मिळाली.

काय केलं

*कोनमापन.* रडारच्या अभियंत्यांना विचारलं. उन्हाळ्यात छोट्या रांगेकडे जाणारी एक केबल पाणी शिरल्यामुळे बदलली होती. नवी केबल थोड्या वेगळ्या लांबीची होती, त्यामुळे संकेताला लागणारा वेळ काही नॅनोसेकंदांनी बदलला होता. प्रणालीत जुनाच आकडा राहिला. १० मेगाहर्ट्झला एक पूर्ण आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं असतं. दहा नॅनोसेकंदांची चूक म्हणजे कलेत ३६ अंशांची चूक. सपाट कोनांपाशी तर गंमत अशी की कोन तीन अंशांचा असो की सहाचा, कलाफरक फारसा हलत नाही. तो मर्यादेच्या पलीकडे ढकलला गेला की एक फेरा वजा होतो आणि उत्तर थेट मोठ्या कोनावर जाऊन बसतं.

नवा आकडा काढायला उल्का कामी आल्या. रडारच्या जवळच्या घरांमध्ये रोज पहाटे उल्कांच्या वाटांवरून एको येतात, आणि त्यांची उंची साधारण ९० ते १०० किलोमीटर असते हे पक्कं ठाऊक आहे. उंची ठाऊक, अंतर ठाऊक, म्हणजे कोन काय यायला हवा तेही ठाऊक. तीन आठवड्यांच्या उल्का जमवून तिनं वेळेचा आकडा पुढे-मागे सरकवला आणि उल्का योग्य उंचीवर बसेपर्यंत तो शोधला. सुधारलेल्या आकड्यानं सातही रात्रींचे कोन २ ते ५ अंशांवर आले.

*शोषण.* आता दुसरा प्रश्न: फुटणीनंतर एको का गेले? विद्यार्थिनीनं शोषणाची शंका आधीच तपासली होती. कॅमेऱ्याशेजारच्या रायोमीटरवर ३० मेगाहर्ट्झला फक्त ०.२-०.३ डेसिबल दिसत होते, म्हणून तिनं शोषण निकालात काढलं होतं. यात दोन गोष्टी निसटल्या होत्या.

शोषण ज्या डी थरात होतं तो ७० ते ९० किलोमीटरवर असतो. ३० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे जोमदार इलेक्ट्रॉन इतक्या खोल पोचतात. रडारचा सपाट किरण ८० किलोमीटरची उंची ओलांडतो ती रडारपासून सुमारे ७२५ किलोमीटरवर, चापाच्या १६० किलोमीटर अलीकडे. म्हणजे बघायचा रायोमीटर चापाखालचा नव्हता, त्याच्या दक्षिणेचा होता. प्रश्न लहरीच्या वाटेचा होता आणि आम्ही मुक्कामाच्या जागी चौकशी करत होतो.

आणि ०.३ डेसिबल म्हणजे काहीच नाही, हेही खरं नव्हतं. शोषण साधारण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. ३० वरून १० मेगाहर्ट्झवर आलं की नऊ पट, ०.३ चे २.७. रायोमीटर सरळ वर बघतो, आमचा किरण डी थरातून तिरका जातो, आणि ३ अंशांच्या किरणाला तो तिरकेपणा सहा पट महाग पडतो. झाले १६. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे ३२ डेसिबल. आमचे एको नॉइजच्या वर १५ ते २५ डेसिबल असायचे. ते बुडणारच.

दक्षिणेकडच्या रायोमीटरनं सातपैकी चार रात्री फुटणीबरोबर ०.६ ते १.१ डेसिबल दाखवले. त्याहून चांगला साक्षीदार खुद्द रडारमध्ये होता. दर वेळी प्रक्षेपणाआधी रडार मोकळी वारंवारता शोधायला कान देतं आणि नॉइजची पातळी नोंदवतं. १० मेगाहर्ट्झचा नॉइज बराचसा दूरच्या वादळांतल्या विजांचा, आयनांबरातूनच आलेला. डी थर शोषू लागला की तोही उतरतो. त्याच चार रात्री नॉइज पडला होता, आणि त्याच मिनिटांना समुद्रावरून परत येणारे संथ, अरुंद वर्णपटाचे एकोही गेले होते. अरोराशी काही संबंध नसलेले एको अरोराबरोबर जातात, तेव्हा दोष वाटेचा असतो.

*वाट वळली.* दोन रात्री मात्र नॉइज जागचा हलला नव्हता. या रात्री एको पूर्ण गेलेही नव्हते. दूरची पट्टी विझली आणि दोन-तीन मिनिटांत ४५० किलोमीटरवर नवी पट्टी उमटली. विद्यार्थिनीच्या वहीत तिची नोंद "विषुववृत्ताकडे वेगानं धावणारी पट्टी" अशी होती. दुरुस्त केलेले कोन पाहिले तर दूरच्या पट्टीचा ३-४ अंश, नव्या पट्टीचा १२-१३.

याचं गणितही सरळ आहे. ३ अंशांचा किरण इतका सपाट की वाटेतल्या ई थराची क्रांतिक वारंवारता १.९ मेगाहर्ट्झ झाली की तो तिथेच आडवा होतो आणि खाली वळतो. इतकी घनता व्हायला झगझगीत चाप लागत नाही, कॅमेऱ्यात जेमतेम जाणवणारा फिकट, पसरट अरोरा पुरतो. तो चापाच्या अलीकडे पसरला की दूरचा चाप रडारच्या नजरेआड होतो. त्याच वेळी १३ अंशांनी निघालेला चढा किरण, जो एरवी काटकोन चुकवून निघून जातो, या जवळच्या थरात वाकून काटकोनात येतो आणि तिथून एको देतो. काहीच धावलं नव्हतं. एक खिडकी बंद झाली, दुसरी उघडली.

कॅमेऱ्याच्या बाजूनंही आम्ही एकदा खात्री केली, कारण प्रकाशाची उंची ११० किलोमीटर धरणं हेही गृहीतकच आहे. चाप जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे तिथली चूक थोडकी होती.

निष्पत्ती

सातपैकी चार रात्री शोषणाच्या, दोन वळलेल्या वाटेच्या. एक रात्र उरली. तिच्यात वीस मिनिटं अशी होती की नॉइज स्थिर, वाटेवरचा रायोमीटर शांत, कोन ३ अंशांवर टिकून, समुद्राचे एको जागेवर. आणि तरीही एको उजळलेल्या चापावर नव्हते, त्याच्या विषुववृत्ताकडच्या कडेला होते. फट शंभर किलोमीटरची नव्हे, एका घराची.

परिषदेत तिनं हेच मांडलं. भित्तिपत्रकावर शेजारी शेजारी दोन नकाशे होते, आधीचा आणि दुरुस्त केलेला, आणि खाली वीस मिनिटांची ती रात्र. लोक पहिल्या दोन नकाशांपाशीच जास्त थांबले. आपल्याकडचे कोन तपासायला हवेत असं म्हणणारे तिघे-चौघे भेटले. मला त्याचं फार बरं वाटलं. प्रबंधाचं प्रकरण पाच महिने लांबलं आणि त्याचा विषय बदलला: अरोराच्या वेळी एचएफ रडारचा एको नसणं कधी विश्वासार्ह मानायचं.

केबलची चूक जगजाहीर करायची का, यावर गटात एक दिवस चर्चा झाली. उन्हाळ्यानंतरची नोंद इतरांनीही वापरली असणार. काहींना आधी आपला लेख यावा असं वाटत होतं. विद्यार्थिनीनं त्याच संध्याकाळी अभियंत्यांना सुधारित आकडा आणि तो काढण्याची रीत लिहून पाठवली, आणि दोन दिवसांत वापरकर्त्यांना सूचना गेली. तिनं मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, अशी आशा आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी अर्ध्या पानाचं ते गणित. ते पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं. अंतर, आयनोसोंडचा आकडा आणि बलरेषेचा कल, एवढंच लागतं. मी तिला नकाशे काढायला सांगितले, किरण काढायला सांगितलं नाही. प्रणालीतली आभासी उंची ही सोय म्हणून घातलेली असते. शांत रात्री ती बरी चालते, आणि अरोरा आला की ई थर बदलतो व तीच आधी कोसळते. हे मला माहीत होतं आणि तरी मी बोलले नाही, कारण निष्कर्ष पटण्यासारखा होता.

नॉइजचा आलेख आता आमच्या गटात एकोंच्या आलेखाच्या खाली, त्याच कागदावर छापला जातो. वेगळ्या फायलीत असला की कोणी उघडत नाही.

केबल, जोडणी, अँटेना यांतलं काहीही बदललं की पुढच्या उल्कांच्या नोंदीतून कोन तपासायचा, आणि तारीख रडारच्या वहीत लिहायची. केबल बदलल्याची नोंद अभियंत्यांच्या वहीत होती. आम्ही ती वही कधी मागितलीच नव्हती.

वेगांचा आलेख उशिरा काढला, हे विद्यार्थिनीला स्वतःला फार लागलं. मला ते तितकं मोठं वाटत नाही. तिनं तो काढला आणि त्यातला अडकलेला आकडा पाहून गप्प बसली नाही. एक गोष्ट मात्र त्या वेळी दोघींच्याही नजरेतून सुटली होती: एफ थरातले खरेखुरे एको मिळाले तरी त्यांचा वेग थोडा कमीच मोजला जातो, कारण मोजलेला वेग त्या जागच्या अपवर्तनांकानं गुणलेला असतो. घनमीटरला १० चा ११ वा घात इलेक्ट्रॉन असतील तर १० मेगाहर्ट्झला ही तूट ४ टक्के, तिप्पट असतील तर १३. पुढच्या कामात ती दुरुस्ती आता सुरुवातीपासून आहे.

पुढच्या हिवाळ्यासाठी एका स्कॅनला १० आणि दुसऱ्याला १३ मेगाहर्ट्झ, असं आळीपाळीनं चालवायचं ठरलं आहे. शोषण असेल तर वरच्या वारंवारतेवर ते ठरावीक प्रमाणात कमी दिसेल, सुरकुत्याच नसतील तर दोन्हीकडे सारखाच शुकशुकाट असेल. आणि त्या वीस मिनिटांतली एका घराची फट चापाची आहे की ४५ किलोमीटरच्या घराची, हे १५ किलोमीटरची घरं लावून बघायचं आहे.